त्याचीच गाडी भारी

विम्यासाठी मोडलेल्या गाड्या तपासणं आणि त्यांची किंमत काढणं हा माझा धंदा. चंद्रपुरात राहून हे काम केलं की वाट्याला येतात कोळशाचे टिप्पर, उलटलेल्या जीपा, रानडुकराला धडकलेल्या मोटरसायकली आणि पुरात बुडून आतपर्यंत चिखलानं भरलेले ट्रॅक्टर. अमेरिकन स्पोर्ट्स कार मी तोवर फक्त मोबाइलवर पाहिली होती. त्यामुळे वडशाहून फोन आला आणि एकाच अंगणात तसल्या दोन उभ्या आहेत असं कळलं, तेव्हा मला आधी आनंदच झाला. पुढचं कळायला वेळ लागला.

फोन राईस मिलवाल्या बाईंचा होता. काही वर्षांपूर्वी त्यांच्या मिलचा ट्रक नाल्यात गेला होता, तो मीच तपासला होता. टायर पार गुळगुळीत झाले होते. ते लिहू नका, असं त्यांच्या नवऱ्यानं मला सुचवून पाहिलं होतं. मी लिहिलं. ते चिडले होते, आणि बाईंच्या ते लक्षात राहिलं होतं.

"हे गेले उन्हाळ्यात," त्या फोनवर म्हणाल्या. "दोघं पोरं वाटणी करून राह्यले. मिल झाली, वावर झालं, दुकानं झाली. आता दोन गाड्यायवर अडलं हाय. तू ये पोरी, अन् खरं आहे थे सांग. दोघायले बरं वाटावं असं काही सांगू नको."

दिवाळी होऊन गेली होती. धानाची कापणी, मळणी जोरात होती. चांदा फोर्टहून गोंदियाच्या पॅसेंजरनं मी वडशाला उतरले. स्टेशनबाहेर भिंतीभिंतींवर नाटकांचे फलक लागले होते आणि एक भोंग्याची गाडी त्या संध्याकाळच्या प्रयोगाची जाहिरात करत फिरत होती. मिल स्टेशनपासून लांब नव्हती. फाटकातून आत गेले तर अंगणाच्या मधोमध विटांची भिंत चढत होती. कमरेपर्यंत आली होती. गवंडी काम करत होते, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकेक खुर्ची टाकून दोन भाऊ बसले होते. एकमेकांकडे पाठ करून.

बाईंनी मला चहा देता देता सगळं सांगितलं. थोरल्याला कॉलेजपासून मस्टँगचं वेड. वडिलांच्या हातात पैसा आला तसा त्यानं हट्ट धरला आणि नागपुरातून एक वापरलेली लाल मस्टँग घरी आली. धाकट्याचं म्हणणं, मस्टँग काय कुणीही घेतं, खरी गाडी कॅमारो. तो जेवेना, बापाशी बोलेना. शेवटी हैदराबादच्या एका शौकिनाकडून वडिलांनी काळी कॅमारो आणली.

"भांडण मिटावं म्हणून दुसरी घेतली," बाई म्हणाल्या. "तर रोज जेवताना तेच. माही भारी का तुही भारी. ह्याचं इंजिन, त्याचा आवाज. हे दोघायच्या मधात बसून हसत राहात."

वाटणीत ठरलं होतं की ज्याची गाडी त्यानं ठेवावी, आणि ज्याच्या गाडीची किंमत जास्त निघेल त्यानं दुसऱ्याला फरक द्यावा. सोपं होतं. पण त्या एका अटीनं सगळं उलटं करून टाकलं होतं, हे मला शेडमध्ये गेल्यावर समजलं.

दोन्ही गाड्यांवरची कापडं काढली. लाल मस्टँग, लांब नाकाची, मागे उभ्या तीन-तीन पट्ट्यांचे दिवे. शेजारी काळी कॅमारो, रुंद, जमिनीला टेकलेली, खिडक्या इतक्या अरुंद की डोळे बारीक करून पाहणाऱ्या माणसासारखी दिसत होती. मी वही काढली तोच थोरला पुढे आला. धिप्पाड माणूस, चाळिशीच्या आतबाहेरचा.

"मॅडम, माही पाहाल तर नुसता देखावा हाय," तो मस्टँगच्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाला. "पाच लिटरचं इंजिन. त्याच्या गाडीचं सहा पॉइंट दोन. जमीन-अस्मानाचा फरक हाय. ही गावातल्या गतिरोधकाला पोट घासते. मागच्या सीटवर पोट्टंही बसत नाई."

"अन् माह्या गाडीत का हत्ती बसते?" धाकटा शेडच्या दुसऱ्या टोकाहून म्हणाला. तो बारीक चणीचा, दाढी राखलेला. बोलला ते माझ्याशी, भावाशी नाही. "मॅडम, भाऊची गाडी कारखान्यातूनच उजव्या हाताची निघाली. इथं शोरूममध्ये विकत होते. कागद सरळ, पार्ट भेटते. माही डाव्या हाताची होती, कोण्या गॅरेजवाल्यानं स्टिअरिंग उचलून इकडं लावलं. आतून पाहा, बाहेरचं काही दिसत नाई. विहिरीत बसल्यासारखं वाटते. ही कोण घेईन?"

"अमेरिकेत लोक हीच घेते," थोरला छताकडे पाहत म्हणाला. "शर्यतीवाले हीच घेते."

"मंग मस्टँग काऊन एवढी खपते?"

मी एकाकडून दुसऱ्याकडे पाहत राहिले. इतकी वर्षं जे दोघं माझीच भारी म्हणून भांडले, ते आता त्याचीच भारी म्हणून भांडत होते. आणि जुनं सगळं पाठ असल्यामुळे एकमेकांच्या गाडीचे गुण त्यांना स्वतःच्या गाडीपेक्षा जास्त नेमके ठाऊक होते. मला हसू येणार होतं, पण थोरल्याच्या मानेवरची शीर ताठ झालेली दिसली आणि मी वहीत मान घातली.

सकाळभर मी गाड्यांखाली आणि गाड्यांत होते. दोघंही माझ्यावर नजर ठेवून होते. मी मस्टँगच्या टायरला हात लावला की धाकटा जवळ येई, कॅमारोचं बॉनेट उघडलं की थोरला. मधून मधून एकेक जण मला एकटं गाठत होता. थोरला गोदामाच्या दारात म्हणाला, मिलचे सगळे ट्रक पुढेही तुमच्याकडेच येतील, एवढं ध्यानात असू द्या. धाकट्यानं नळावर हात धुताना मोबाइलवर कुठल्याशा परदेशी माणसाची फिल्म दाखवली, त्यात दोन्ही गाड्यांची तुलना होती आणि मस्टँगचं कौतुक होतं. दोघांनाही मी एकच सांगितलं, मला जे दिसेल तेच मी लिहीन.

खरं सांगायचं तर मला दोन्ही आवडल्या. मस्टँगच्या डॅशबोर्डवर विमानात असावीत तशी खटके असलेली बटणं होती, बसल्यावर बाहेरचं मोकळं दिसत होतं, आणि दार लावल्यावर येणारा आवाज घट्ट होता. कॅमारो आतून जास्त देखणी. हवेच्या झरोक्याभोवतीचं कडंच फिरवलं की गारवा कमी-जास्त होई, वेगळं बटण शोधावं लागत नसे. पण गॅरेजवाल्यानं स्टिअरिंग उजवीकडे आणताना काही गोष्टी डावीकडेच सोडल्या होत्या. वायपर जुन्याच दिशेनं फिरत, त्यामुळे चालवणाऱ्याच्या समोर काचेचा एक कोपरा न पुसलेला राही. आणि काचेवर वेगाचा आकडा उमटवणारं जे यंत्र होतं तेही डावीकडेच राहिलं होतं. म्हणजे आकडा दिसे तो शेजारी बसलेल्याला.

दुपारी रस्त्यावर चालवून पाहायचं ठरलं. दोघांनाही यायचं होतं, एकाला सोडून दुसऱ्याला नेलं असतं तर निकाल कुणी मानला नसता. आधी मस्टँग काढली. मी चालवायला, धाकटा शेजारी, थोरला मागे दुमडून. कुरखेड्याच्या रस्त्यानं जंगलाच्या नाक्यापर्यंत गेलो आणि परत आलो. रस्त्यावर जागोजागी धान वाळत घातलं होतं. लोकांनी अर्धा रस्ता धानाला दिला होता आणि कडेला दगड, काट्यांच्या फांद्या मांडून ठेवल्या होत्या. मी हळू, उरलेल्या अर्ध्यातून गाडी नेली.  थोरल्याचा श्वास मला मानेजवळ ऐकू येत होता.

मग कॅमारो. मी चावी मागितली तर धाकटा म्हणाला, "स्टिअरिंग जरा वेगळं हाय मॅडम. जाताना मी चालवतो, नाक्यावर तुमी घ्या." त्यात चूक काही नव्हतं. मी डावीकडे बसले. थोरल्याला मागे शिरताना डोकं छताला लागलं, गुडघे धाकट्याच्या सीटला टेकले.

गाव सुटेपर्यंत धाकटा शांतपणे चालवत होता. मग थोरला मागून सुरू झाला.

"आयका मॅडम आवाज. असा आवाज माह्या गाडीले हाय का? लिहा."

"भाऊ, गप बस."

"काऊन गप बसू? खरं बोलून राह्यलो. उचल पाहा कशी हाय. दाब ना जरा, मॅडमले दाखव. का भेव लागते, किंमत वाढन म्हणून?"

धाकट्याचा जबडा आवळला. मी म्हटलं, "मला जे पाहायचं ते मी पाहते आहे. वेगाची गरज नाही." माझ्या समोरच्या काचेवर हिरवा आकडा तरंगत होता आणि तो तेव्हा साधाच होता.

 दोन्ही बाजूंना धान कापलेल्या बांध्या, मधून मधून मळणी यंत्रं, धूळ. मग थोरला हळू आवाजात, जणू स्वतःशीच म्हणाला, "बाबाले ही घ्याचीच नोती. मले सांगितलं होतं त्यायनं. म्हणे, लहाना रडते म्हणून घेऊन राह्यलो. नाईतर घरात एकच गाडी राह्यली असती."

 धाकट्याचा पाय खाली गेला. पाठ सीटमध्ये रुतली, झाडं एकमेकांत मिसळली आणि काचेवरचा आकडा चढू लागला. शंभर ओलांडला, तरी चढत होता. त्याला तो दिसत नव्हता. मला दिसत होता.

"पाय काढा," मी म्हटलं. मग ओरडले, "ब्रेक मारा!"

वळण आलं. वळणापलीकडे डावा अर्धा रस्ता धानानं सोनेरी झालेला, आणि उजवीकडून एसटी येत होती. मधे जागा नव्हती. धाकट्यानं ब्रेक दाबला. दगड पोटाखाली आपटले, एका पाठोपाठ एक, आणि मग चाकं धानावर चढली. धानाच्या दाण्यांवर चाक धरत नाही. ब्रेक धाकट्याच्या पायाखाली थडथडत होता आणि गाडी मात्र पुढेच जात होती, मागचा भाग बाहेर फेकला जात होता. वळणाच्या त्या क्षणात मला समोर एक म्हातारी दिसली. सूप घेऊन धान पाखडत होती. तिनं मान वर केली. मग लांब बॉनेटखाली ती दिसेनाशी झाली.

गाडी आडवी होऊन थांबली. इंजिन बंद पडलं. एसटी हॉर्न वाजवत निघून गेली. धुळीनं काचा भरल्या. समोर बॉनेट होतं आणि त्यापलीकडे शेताचा बांध. म्हातारी कुठंच नव्हती.

 धाकट्याचे हात स्टिअरिंगवर तसेच होते. मागून थोरला सीटवर बुक्क्या मारत होता. "लागलं का तिले? ए, लागलं का? मले बाहेर काढा!" दोनच दारांची गाडी. पुढची सीट कुणी वाकवल्याशिवाय मागच्याला उतरता येत नाही.

मी दार उघडलं. पाय धानात घोट्यापर्यंत गेले. बॉनेटला धरून धरून मी पुढे गेले आणि ती चार पावलं टाकताना मला खाली पाहायचं धैर्य होत नव्हतं.

ती बसलेली होती. बंपरपासून हातभर अंतरावर, पाय पसरून, सूप मांडीत धरून. डोक्यावर, भुवयांवर, सगळीकडे धानाचा कोंडा. डोळे गाडीच्या जाळीवर खिळलेले. मी तिच्या खांद्याला हात लावला तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. मी तिचे पाय चाचपले, हात चाचपले. कोपर सोलवटलं होतं. बाकी रक्त नव्हतं.

"आजी, कुठे दुखतं का?"

तिचे ओठ हलले, आवाज आला नाही.

मी धावत मागे गेले, माझी सीट वाकवली. थोरला त्या फटीतून कसाबसा बाहेर आला, दोन्ही हातांवर धानात पडला, उठला. मला वाटलं तो म्हातारीकडे जाईल. तो गाडीला वळसा घालून धाकट्याच्या दाराशी गेला. दार ओढून उघडलं, त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं, डोकं चाचपलं.

"बोल ना बे. बोल. कुठी लागलं? बोल ना."

धाकट्यानं मान हलवली. नाही. थोरल्यानं त्याला बखोटीला धरून बाहेर काढलं.

तोवर शेतातून माणसं आली होती. मळणी यंत्र बंद झालं होतं आणि एकदम पसरलेल्या शांततेत त्यांच्या पावलांचा आवाज येत होता. कुणाच्या हातात विळा, कुणाच्या हातात पेंढा उचलायचा काटा. त्यांत एक जण म्हातारीचा मुलगा होता. त्यानं आईला पाहिलं, मग गाडीला, मग आम्हाला.

"मिलवाल्याचे पोट्टे होय हे," मागून कुणी तरी म्हणालं.

"आमचं धान घेता तवा ओलं हाय म्हणून पैसे कापता," दुसरा म्हणाला, "अन् वाळू घातलं तर त्याच्यावरून गाड्या नेता?"

मुलगा पुढे आला आणि त्यानं धाकट्याची कॉलर धरली. "तूच चालवत होता ना?"

थोरला दोघांच्या मध्ये शिरला. त्याचा श्वास लागला होता. "मी चालवत होतो," तो म्हणाला. "त्याले सोड. गाडी माह्या हातात होती."

मुलाचा हात थांबला. थोरला त्या वेळी खरंच चालवणाऱ्याच्या दाराशीच उभा होता, त्यामुळे ते खोटं वाटण्याजोगं नव्हतं. पण लोकांनी माझ्याकडे पाहिलं. बाहेरची बाई, हातात वही, अंगावर पांढरा सदरा, बहुतेक त्यांना मी सरकारी वाटले असेन.

"बाई, तुमी सांगा," काटा घेतलेला माणूस म्हणाला. "कोण चालवत होतं?"

मला थोरल्याचा चेहरा दिसत होता. तो माझ्याकडे विनवणीनं नाही, धमकावल्यासारखा पाहत होता. जमलेल्या माणसांचा राग कुणाच्या अंगावर सोडायचा हे माझ्या एका वाक्यावर आलं होतं.  खरं सांगणार, एवढं माझ्या मनात ठरलं होतं, पण ते कसं सांगावं हे ठरत नव्हतं. मी तोंड उघडलं.

"मी चालवत होतो," धाकटा म्हणाला. आवाज फाटला होता. "भाऊ मागं बसून होता. मी जोरात आणली. त्याचं काही नाई."

"चूप," थोरला म्हणाला.

"नाई भाऊ. मी चालवत होतो."

कुणी काही करण्याआधी रस्त्यावरून आवाज आला. म्हातारीला आवाज फुटला होता.

"भांडता काऊन तिथी? आधी माहं धान उचला!"

ती उभी राहिली होती, सूप छातीशी धरून. मुलगा कॉलर सोडून तिच्याकडे धावला. तिनं त्याला बाजूला सारलं. "दोघंही उचला," ती म्हणाली. "दाणा दाणा उचला. गिट्टीत गेलं माहं धान."

थोरला खिशाला हात घालत म्हणाला, "आजी, जेवढं नुकसान झालं..."

"मंग पाहू थे. आधी उचल."

म्हणून ते दोघे रस्त्यावर बसले. त्यांना झाडू दिले, सुपं दिली. गाडीनं फेकलेलं धान रस्त्याच्या खडीत, नालीत, बांधाच्या गवतात पसरलं होतं. थोरल्याला खाली बसता येत नव्हतं, तो गुडघ्यांवर सरकत होता. धाकट्याला सूप नीट धरता येत नव्हतं, त्यातून अर्धं परत सांडायचं. थोरला ते सांडलेलं पुन्हा गोळा करायचा.  भोवती माणसं उभीच होती, आणि ती अजून मारणार नाहीत असं खात्रीनं म्हणता आलं नसतं. मी म्हातारीच्या कोपराला पाणी लावलं, माझ्या पिशवीतली पट्टी बांधली. मग गाडीखाली वाकून पाहिलं. पुढची खालची पट्टी तुटली होती, पोटावर दगडांचे ओरखडे होते, एका टायरला चीर गेली होती. तेल गळत नव्हतं. म्हातारी मधून मधून हात लांब करून दाखवायची, तिथी राह्यलं, तिकडं पाहा. ऊन उतरलं तेव्हा तिनं पुरे म्हटलं.

परत येताना गाडी मी चालवली. थोरला न सांगताच मागे जाऊन बसला. मला त्या वाटेवर कळलं की धाकटा सकाळी खरं बोलला होता, आतून बाहेरचं फार कमी दिसतं. सावकाश आणली तरी प्रत्येक वळणाआधी मी थांबून हॉर्न वाजवत होते.

बाई फाटकाशी उभ्या होत्या. गाडीची तुटलेली पट्टी त्यांनी पाहिली. सगळं ऐकून घेतल्यावर पहिला प्रश्न विचारला तो म्हातारीचा. कोणतं गाव, कोणाची बाई, कोण आहे तिच्या घरी. मग पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "आता सांग तुहं."

मी सांगितलं. इंजिन कॅमारोचं मोठं आणि ताकदही जास्त, चालवायला ती जास्त जिवंत गाडी आहे. पण विकायला गेलं तर माणूस विचारणार स्टिअरिंग कुणी बदललं, सुटे भाग कुठून आणायचे, कागद कसे समजावायचे. मस्टँग मुळातच उजव्या हाताची, दुरुस्त करून देणारी माणसं नागपुरात आहेत, बाहेरचं दिसतं, घरच्या माणसांना बसवता येतं. बाजारात मस्टँगचीच किंमत जास्त. फरक थोरल्यानं द्यायचा.

"अन् आजचं नुकसान?" थोरल्यानं विचारलं. "तिची किंमत अजून कमी झाली ना. थेही माह्याकडं धरा."

"नाई," धाकटा म्हणाला. "थे मी केलं. धरू नका."

"मी सकाळी जशी पाहिली तशीच किंमत लिहिणार," मी म्हटलं. "दुपारचं वेगळं लिहीन. ते कुणी भरायचं ते तुम्ही ठरवा." भिंतीपलीकडे बाईंची एक सून दारात उभी राहून ऐकत होती, ती आत गेली. 

वाटणी काही मोडली नाही. भिंत पूर्ण झाली, रंगही लागला. म्हातारीच्या कमरेत दुसऱ्या दिवशी दुखणं सुरू झालं, तिला ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात दाखवावं लागलं. थोरल्यानं मला फोन करून विचारलं की पोलिसांत न जाता काही होईल का. नाही, मी म्हटलं, म्हातारीला इजा झाली आहे, विम्यालाही ते सांगावं लागतं.  फोन ठेवण्याआधी तो म्हणाला, "लहाना गेला ठाण्यात, तुमाले विचारायच्या आधीच. सकाळीच गेला. मले सांगितलंही नाई."

धाकट्यावर केस झाली. भरधाव गाडी चालवून इजा केल्याची. कॅमारो त्यानं पुन्हा चालवली नाही. ती सिरोंच्याच्या पलीकडचा, तेलंगणातला एक माणूस घेऊन गेला.

पुढच्या वर्षी मला साक्षीला बोलावलं. वडशाच्या कोर्टात गेले तेव्हा बाहेरच्या बाकावर ते तिघं बसले होते. म्हातारी मध्ये, हातात काठी, कमरेला पट्टा. एका बाजूला थोरला, दुसऱ्या बाजूला धाकटा. म्हातारीचा मुलगा उभा होता. थोरल्यानं तिच्यासाठी पाण्याची बाटली उघडून धरली होती.

आत मी जे पाहिलं ते सांगितलं. काचेवरचा आकडा सांगितला, एसटी सांगितली, मी ब्रेक मारा म्हणून ओरडले तेही सांगितलं. कोण चालवत होतं असं विचारल्यावर मी धाकट्याकडे हात केला. तो माझ्याकडे पाहत होता. त्यानं हलकेच मान हलवली. त्याच्या वकिलानं थोरल्याबद्दल विचारलं, त्यानं मागून भडकवलं हे खरं का. मी म्हटलं, तो बोलत होता हे खरं. पाय त्याचा नव्हता.

बाहेर आले तेव्हा थोरला माझ्यापाशी आला. मला वाटलं रागावेल. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मी थे बोललो नसतो तर," तो म्हणाला. "बाबायचं. खोटं होतं थे, मॅडम. बाबा तसं कधी म्हणलेच नाई. त्यायले ती काळी गाडीच जास्त आवडे. मले माहीत होतं."

"त्याला सांगितलंत?"

"आज सांगितलं. इथी येताना."

"मग?"

त्यानं बाकाकडे पाहिलं. धाकटा म्हातारीला हात देऊन उठवत होता आणि ती त्याला कशावरून तरी बोलत होती, काठी हवी की हात हवा ते नीट ठरव म्हणून.

"काही म्हणला नाई," थोरला म्हणाला. "गाडीतून उतरला, अन् आतपर्यंत माह्यासोबत चालत आला."

मग त्या तिघांना घेऊन तो म्हातारीच्या गावाकडे निघाला. म्हातारीला पुढे बसवलं, कारण मागच्या सीटवर तिला वाकवत नव्हतं. धाकटा आणि तिचा मुलगा त्या लाल गाडीच्या मागच्या सीटवर गुडघे छातीशी घेऊन बसले, आणि थोरल्यानं कोर्टाच्या फाटकातून गाडी इतकी हळू काढली की मागून येणारा सायकलवाला त्यांना ओलांडून गेला.